पेंडेऐवजी पाला : मेंढ्यांचा खुराक द्विदल चाऱ्यावर कसा आणावा

खुराकाचा खर्च कमी करायचा म्हणून द्विदल, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या, चाऱ्याकडे वळणारा नवा मेंढीपालक पहिला प्रश्न हमखास हाच विचारतो : एक किलो खुराकाऐवजी किती पाला घालू? प्रश्न रास्त आहे, पण अर्धवट आहे. खुराक ही एक वस्तू नसते. त्यात पेंड असते ती प्रथिनांसाठी. मका, ज्वारी, बाजरी यांचा भरडा असतो तो ऊर्जेसाठी. कोंडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो, आणि वर थोडी खनिजे. द्विदल पाला पेंडेची जागा चोख भरून काढतो, भरड्याची मात्र अर्धीमुर्धीच. खुराक बंद करून मेंढ्या खंगल्याच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी हा फरक असतो. प्रथिने पोटात गेलेली असतात, ऊर्जा कमी पडलेली असते, आणि बोल मात्र पाल्याला लागतो.

म्हणून सुरुवात बियाण्यापासून नको, कळपापासून करा.

पायरी १ : कळपाची वर्गवारी करा

सगळ्या मेंढ्यांचा खुराक एकाच वेळी, एकाच प्रमाणात कमी करणे ही या कामातली सर्वात महागडी घाई. कोणत्या मेंढीला किती चालेल, हे तिच्या अवस्थेवर ठरते.

रिकाम्या मेंढ्या, गाभणपणाच्या पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांतल्या मेंढ्या आणि रेतनाच्या कामात नसलेले मेंढे यांचा खुराक पूर्ण बंद करता येतो. त्यांना आहारात साधारण ८ ते ९ टक्के प्रथिने पुरतात. वाळलेला गवती चारा किंवा कडबा यात ती ३ ते ५ टक्केच असतात. आहारातली प्रथिने ७ टक्क्यांच्या खाली गेली की कोठीपोटातल्या (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या सर्वात मोठ्या कप्प्यातल्या) जिवाणूंचीच उपासमार होते, चारा पचायला वेळ लागतो आणि मेंढी खाणे कमी करते. अशा चाऱ्याच्या जोडीला थोडा द्विदल पाला दिला की तोच कडबा मेंढी जास्त खाते. पाल्याचा खरा फायदा इथे आहे.

गाभणपणाचे शेवटचे सहा आठवडे वेगळे. मेंढीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा, आणि पोटातल्या कोकराची दोन-तृतीयांशाहून अधिक वाढ याच शेवटच्या टप्प्यात होते. त्याच वेळी वाढलेले गर्भाशय कोठीपोटाला दाबते, त्यामुळे मेंढीला जास्त चारा हवा असूनही मावत नाही. जुळी असतील तर ऊर्जेच्या तुटवड्याने गाभणपणातली विषबाधा होते : मेंढी कळपापासून बाजूला उभी राहते, खाणे सोडते, तिला दिसेनासे होते आणि शेवटी बसते ती उठत नाही. या सहा आठवड्यांत पेंड काढून तिथे पाला द्या, पण भरडा काढू नका. यात तडजोड नको.

व्यालेल्या मेंढ्यांना पहिले सहा ते आठ आठवडे १३ ते १५ टक्के प्रथिनांचा आहार लागतो. इथे निम्म्या खुराकाची जागा चांगल्या, पानेदार पाल्याला देता येते. त्याहून पुढे जायचे असेल तर कोकरांच्या वजनावर नजर हवी.

कोकरांना कोवळा पाला दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून समोर ठेवायला हरकत नाही, उलट त्याने कोठीपोट लवकर कामाला लागते. मात्र लहान पोटात जास्त चारा मावत नाही, म्हणून दूध तोडताना आणि त्यानंतरचा महिना-दीड महिना त्यांचा भरडा चालू ठेवा. विक्रीसाठी झपाट्याने वजन वाढवायच्या मेंढ्यांनाही हाच न्याय. नुसत्या पाल्यावरही त्या वाढतात, पण सावकाश.

पायरी २ : एक नाही, दोन-तीन वनस्पती निवडा

कमी पाण्यावर टिकणारे द्विदल चारे पुष्कळ आहेत. नवख्याने झुडूपवर्गातला एक, बहुवर्षायू बुटका एक आणि हंगामी एक, अशी जोडी जमवावी.

दशरथ घास हे नावाला घास. प्रत्यक्षात ते द्विदल झुडूप आहे. खोल मुळे, वारंवार कापणी सोसण्याची ताकद आणि पोट न फुगवणारा पाला हे त्याचे गुण. कोवळ्या काड्यांसह वाळलेल्या वजनावर १६ ते २० टक्के प्रथिने मिळतात. मला विचाराल तर पहिल्यांदा लागवड करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

स्टायलो हलक्या, मुरमाड, नापीक जमिनीसाठी. प्रथिने १२ ते १६ टक्के, म्हणजे जरा कमी, पण जिथे दुसरे काही येत नाही तिथे हा येतो आणि मेंढ्यांनी चरला तरी तग धरतो.

सुबाभूळ, शेवरी, गिरीपुष्प ही झाडे. पाल्यात २० ते २५ टक्के प्रथिने. गिरीपुष्पाचा वास मेंढ्यांना आधी आवडत नाही, फांद्या कापून एक दिवस सुकवल्या की हळूहळू खाऊ लागतात. शेवरी लवकर वाढते, पण फार वर्षे टिकत नाही.

चवळी, वाल आणि गोकर्ण हे हंगामी किंवा थोड्या काळाचे चारे. पावसावर येतात, भराभर हिरवा चारा देतात आणि वाळवूनही ठेवता येतात. लसूणघास दर्जाने अव्वल. तिची मुळे खोल जातात आणि ती दुष्काळात मरत नाही, पण पाण्याशिवाय कापण्याजोगी वाढतही नाही. बरसीमला या यादीत जागा नाही, तिला पाणी लागतेच.

एकाच जातीवर विसंबू नका असे सांगण्याला कारण आहे. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात स्टायलोच्या कुरणांवर करपा आला आणि एक लोकप्रिय जात जवळजवळ निकामी झाली. १९८० च्या दशकात सुबाभळीवर रस शोषणारी एक बारीक कीड पॅसिफिक बेटांपासून आशियापर्यंत पसरली आणि कोवळा पालाच नासवू लागली. ज्याच्याकडे फक्त तेच झाड होते त्याची गव्हाण त्या वर्षी रिकामी राहिली.

आणि प्रत्येक द्विदल वनस्पती खाण्याजोगी नसते. खुळखुळ्याच्या काही जातींमध्ये यकृताला इजा करणारी अल्कलॉइडे असतात. ओळख पटल्याशिवाय रानातला कोणताही शेंगधारी पाला गव्हाणीत टाकू नका.

सुबाभळीबद्दल थोडे सविस्तर

सुबाभळीत मिमोसिन नावाचे अमिनो आम्ल असते. मेंढीला ते एकदम जास्त गेले तर लोकरीच्या मुळांची वाढ थांबते आणि लोकर हाताला झुपक्याने येते. थोडे थोडे पण सतत जास्त गेले तर वेगळा त्रास होतो. कोठीपोटात मिमोसिनचे डीएचपी या पदार्थात रूपांतर होते, तो थायरॉइड ग्रंथीच्या कामात अडथळा आणतो. मग गळ्याला गाठ येते, भूक मंदावते, लाळ गळते, वजन उतरते.

हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र भरपूर सुबाभूळ खाऊनही ठणठणीत असत. ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी याचा माग काढला, तेव्हा त्या शेळ्यांच्या कोठीपोटात डीएचपी मोडून टाकणारा जिवाणू सापडला. १९८० च्या दशकात तो ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडला गेला आणि १९९२ मध्ये जोन्स यांच्या सन्मानार्थ त्याला सिनर्जिस्टेस जोन्सी असे नाव मिळाले. आपल्या कळपात हा जिवाणू आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. तेव्हा सुबाभूळ एकूण कोरड्या आहाराच्या ३० टक्क्यांच्या वर नेऊ नये आणि गाभण मेंढ्यांना त्याहूनही कमी द्यावी. पाला उन्हात वाळवल्याने मिमोसिन काही प्रमाणात घटते, पूर्ण जात नाही.

पायरी ३ : लागवड

लागवडीत नवखे अडतात ते उगवणीवर. सुबाभूळ, दशरथ घास, स्टायलो यांच्या बियांचे कवच टणक असते. तसेच पेरले तर थोडे बी उगवते आणि बाकीचे मातीत पडून राहते. पाणी उकळून चुलीवरून खाली घ्या, थोडे निवू द्या, मग साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात बी तीन-चार मिनिटे ठेवा आणि लगेच गार पाण्यात काढून रात्रभर भिजवा. फुगलेले बी पेरा, न फुगलेल्याला पुन्हा तीच प्रक्रिया. स्टायलोचे बी बारीक असते, ते एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेले तर वर येत नाही. चवळी-वालाला गरम पाण्याची गरज नाही. जिथे हे पीक आधी कधी घेतलेले नाही तिथे त्या पिकाचे रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणारे) जिवाणू खत बियांना चोळा, ते मात्र बी गार झाल्यावर.

पहिले दोन-तीन महिने तण काढणे आणि जनावरे बाहेर ठेवणे एवढे सांभाळले की पुढे फारसे काम नाही.

पायरी ४ : दुष्काळाचा चारा पावसाळ्यात करून ठेवा

दुष्काळ सोसणारी वनस्पती म्हणजे दुष्काळातही ढीगभर पाला देणारी वनस्पती, असा समज करून घेऊ नका. ती जगते, पाऊस आला की फुटते, पण कोरड्या महिन्यांत तिची वाढ मंदावते आणि काही जाती तर पाने गाळतात. म्हणजे खुराकाची सर्वात जास्त गरज असते त्याच काळात झाडावर पाला कमी असतो. यावर उपाय एकच : ओल असताना कापणे आणि वाळवून साठवणे. ज्यांचे खुराक बंद करण्याचे गणित जमते, त्यांच्याकडे वाळलेल्या पाल्याचा साठा असतो.

दशरथ घासाची पहिली कापणी पेरणीनंतर सुमारे तीन महिन्यांनी, जमिनीपासून अर्धा मीटर वर. नंतर ओलीनुसार दर सहा आठवड्यांनी. सुबाभूळ मीटरभर उंचीवर छाटत राहा. चवळी-वाल फुलोऱ्यात असताना कापा. शेंगा भरल्या की काडी जाड होते, प्रथिने उतरतात.

वाळवताना एक गोष्ट जपायची, ती म्हणजे पान. द्विदल चाऱ्यातली बहुतांश प्रथिने पानात असतात आणि पान काडीच्या आधी वाळते. भर उन्हात ढीग उलटापालटा केला की पान झडून मातीत जाते आणि हाती काड्या उरतात. चारा एक दिवस उन्हात कोमेजू द्या, पुढे सावलीत किंवा पातळ थरात वाळवा, उलटायचा तो सकाळी दव असताना. ताडपत्रीवर वाळवला तर झडलेले पानही गोळा करून पोत्यात भरता येते. कोकरांसाठी हा चुरा उत्तम.

ओल १५ टक्क्यांच्या आत आली की नाही, हे घरीच पाहता येते. काचेच्या बरणीत मूठभर चारा आणि चमचाभर कोरडे मीठ घालून दोन मिनिटे हलवा. मीठ सुटे राहिले तर चारा साठवण्याजोगा, गुठळी झाली किंवा मीठ काचेला चिकटले तर अजून वाळवा. बुरशी आलेला चारा मेंढ्यांना कोणत्याही स्थितीत देऊ नका, गाभण मेंढ्यांना तर अजिबात नाही.

पायरी ५ : हिशेब मांडा

आता सुरुवातीचा प्रश्न. उत्तर काढायला आपला पाला वाळून किती उरतो हे आधी कळायला हवे. १ किलो हिरवा पाला तोलून घ्या, कडक होईपर्यंत वाळवा, पुन्हा तोला. २५० ग्रॅम उरला तर चार किलो हिरव्याचा एक किलो वाळला चारा होतो. पावसाळ्यातल्या लुसलुशीत पाल्यात हे प्रमाण आणखी घटते, म्हणून ऋतू बदलला की पुन्हा तोला.

समजा, मेंढीला रोज ३०० ग्रॅम खुराक जातो आणि त्यात १८ टक्के प्रथिने आहेत. म्हणजे ५४ ग्रॅम प्रथिने. दशरथ घासाच्या वाळलेल्या पाल्यातही १८ टक्के धरली तर वाळला पाला ३०० ग्रॅमच लागेल, हिरवा १ किलो २०० ग्रॅम. प्रथिनांची बाजू जुळली.

ऊर्जेची बाजू पाहा. ऊर्जेचे माप म्हणून खुराकात पचनीय घटक सुमारे ७० टक्के धरले तर ३०० ग्रॅमांतून २१० ग्रॅम मिळत होते. पाल्यात ते ५५ टक्क्यांच्या आसपास असतात, म्हणजे १६५ ग्रॅम. तूट ४५ ग्रॅमची. भरड्यात ते ७५ टक्के धरले तर ती भरायला ६० ग्रॅम भरडा लागतो. थोडक्यात, ३०० ग्रॅम खुराकाऐवजी १ किलो २०० ग्रॅम हिरवा दशरथ घास आणि ६० ग्रॅम भरडा. रिकाम्या मेंढीला हा भरडा वगळता येतो, दुभत्या किंवा भरल्या दिवसांच्या मेंढीला नाही.

सुबाभळीच्या पाल्यात प्रथिने २२ टक्के धरली तर वाळला पाला २४५ ग्रॅम पुरतो. पण ३० किलो वजनाची मेंढी दिवसाला साधारण १ किलो कोरडा आहार खाते. तिची सुबाभळीची मर्यादा ३०० ग्रॅम. म्हणजे इतक्यापुरते चालते, याहून मोठा खुराक एकट्या सुबाभळीने काढता येणार नाही.

गव्हाणीत जे टाकले ते सगळे पोटात जात नाही, हेही धरा. मेंढी पाने वेचते, काड्या सोडते. उरलेला चारा रोज तोला. टाकलेल्याचा दहावा हिस्सा उरणे ठीक, तिसरा हिस्सा उरत असेल तर कापणीला उशीर झाला आहे किंवा कुटी करायला हवी.

पायरी ६ : बदल तीन आठवड्यांत करा

कोठीपोटातल्या जिवाणूंना नव्या चाऱ्याची सवय व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात खुराकाचा चौथा भाग काढून त्याऐवजी पाला द्या, दुसऱ्यात निम्मा, तिसऱ्यात तीन-चतुर्थांश, मग ठरवलेल्या पातळीवर या. एखाद्या आठवड्यात शेण पातळ झाले तर तिथेच थांबा, पुढे जाऊ नका. बदलाच्या आधी आंत्रविषाराची (आतड्यात जिवाणूंचे विष तयार होण्याच्या आजाराची) लस वेळेवर झालेली आहे ना, ते पाहा. आहारातल्या अचानक बदलाने हा आजार उसळतो आणि धष्टपुष्ट कोकरेच आधी जातात.

रोजचा क्रम असा ठेवा : सकाळी आधी वाळला चारा, पोट थोडे भरल्यावर हिरवा पाला. उपाशी मेंढ्यांना दवाने भिजलेल्या लसूणघासेत किंवा कोवळ्या चवळीत सोडले की पोट फुगते. डावी कूस ढोलासारखी ताणलेली दिसली, मेंढी उठबस करू लागली, तोंडाने श्वास घेऊ लागली की चारा ताबडतोब बंद करा, तिला उभी ठेवा, पुढचे पाय उंचावर येतील असे चालवा आणि पशुवैद्यकाला बोलवा. खाद्यतेल पाजायचे ते मेंढी उभी असून गिळत असेल तरच; आडव्या पडलेल्या मेंढीच्या तोंडात ओतलेले तेल फुप्फुसात जाते. दशरथ घास आणि स्टायलो यांच्यावर हा त्रास सहसा होत नाही, लसूणघासेवर सर्वात जास्त.

पायरी ७ : खुराकासोबत गेलेली खनिजे परत द्या

हा भाग बहुतेकजण विसरतात. द्विदल पाल्यात कॅल्शियम भरपूर असते, फॉस्फरस कमी. कोंडा आणि पेंड यांतून जो फॉस्फरस मिळत होता तो खुराकासोबत बंद होतो. पाल्यात मीठही कमी. म्हणून मिठाची सोय कायम ठेवा आणि फॉस्फरस असलेले खनिज मिश्रण द्या.

ते मिश्रण मेंढ्यांसाठीचेच हवे. गायी-म्हशींच्या खनिज मिश्रणात तांबे जास्त असते. मेंढीच्या यकृतात तांबे साठत जाते, महिनोन्‌महिने काही दिसत नाही, आणि एक दिवस कावीळ व लाल-काळी लघवी होऊन मेंढी मरते. पाकिटावरचा मजकूर वाचा, तांब्याचा आकडा पाहा, शंका असेल तर ते पाकीट घेऊ नका.

रेतनाच्या हंगामाआधीही थोडी सावधगिरी हवी. काही द्विदल वनस्पतींत स्त्री-संप्रेरकासारखे पदार्थ असतात. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर या द्विदल चाऱ्याच्या एका जातीच्या कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्या मोठ्या प्रमाणात वांझ राहू लागल्या, तेव्हा हे प्रकरण उघडकीला आले. लसूणघासेची पाने रोगट झाली की तिच्यातही असे पदार्थ वाढतात. मेंढ्या माजावर येण्याच्या काळात नुसत्या लसूणघासेवर कळप ठेवू नका, दुसरा पाला मिसळा.

पायरी ८ : डोळ्यांवर नाही, काट्यावर विश्वास ठेवा

लोकर वाढलेली मेंढी धडधाकट दिसते आणि हात लावला की मणके लागतात. दर पंधरवड्याला कळपातल्या ठरावीक आठ-दहा मेंढ्या सकाळी चरायला सोडण्यापूर्वी तोला. काटा नसेल तर कमरेच्या मणक्यांवर हात दाबून पाहा : टोके टोचत असतील तर मेंढी खंगली आहे, बोटे दाबूनही मणके लागत नसतील तर ती गरजेपेक्षा लठ्ठ आहे. विण्याच्या वेळी या दोहोंच्या मधली, किंचित भरलेली पाठ हवी. जमत असेल तर थोड्या मेंढ्या महिनाभर जुन्याच खुराकावर ठेवा, तुलनेला आधार मिळतो.

वजन घटले तर कारण शेणावरून आणि गोठ्यावरून ओळखता येते. लेंड्या कोरड्या, कठीण आणि वाळला चारा उरतो आहे, तर प्रथिने कमी पडत आहेत, पाला वाढवा. लेंड्या मऊ, गोठ्यात अमोनियाचा उग्र वास आणि तरीही वजन उतरते आहे, तर प्रथिने पुरेशी आहेत पण ती वापरायला ऊर्जा नाही. अशा वेळी आणखी पाला टाकून उपयोग नाही, ५० ते १०० ग्रॅम भरडा सुरू करा. दोन्ही ठीक असूनही वजन उतरत असेल तर चारा बदलत बसू नका, लेंड्यांची जंतांसाठी तपासणी करून घ्या.